मेळघाटच्या फेरीला छापील सभासद-यादी सोबत घ्यावी का?

खारपाण_पट्टा
दिवाळीनंतर मोटरसायकलनं अकोला–परतवाडा–सेमाडोह–हरिसाल–धारणी असा फेरा मारतोय. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना नवाच, कॉलसाइन (हाक मारायचं सरकारी नाव) व्हीयू३ नं सुरू होणारी. हँडी (हातातला छोटा वायरलेस सेट) सोबत असेल. वाटेत कोणी हॅम असला तर त्याचं शॅक, म्हणजे रेडिओची खोली, बघावं, चहा घ्यावा, एवढीच हौस. क्लबची छापील सभासद-यादी मिळतेय. घ्यावी का? मोबाइलवर सगळंच सापडतं म्हणतात.

सातपुडा_७३
घ्या भाऊ. जंगलात रेंज गेली की मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ. शिवाय आपल्या कॉलसाइनवरून गाव कळत नाही. व्हीयू२ मधला २ म्हणजे जनरल ग्रेड, तुमचा ३ म्हणजे रिस्ट्रिक्टेड. अंदमान-निकोबारचा व्हीयू४ अन् लक्षद्वीपचा व्हीयू७, एवढेच काय ते जागा सांगतात.

पण यादी कोणत्या क्रमानं लावली ते आधी पाहा. कॉलसाइनच्या क्रमानं असेल तर ती क्यूएसएल कार्डावर (रेडिओवर बोलणं झाल्याची पावती म्हणून पाठवतो ते कार्ड) पत्ता टाकायला बरी, प्रवासात डोकेदुखी. मी पिनकोडाच्या पहिल्या तीन आकड्यांवरून पेन्सिलीनं खुणा करतो. ४४४ म्हणजे अकोला, अमरावती, वाशीम. ४४५ यवतमाळ. ४४३ बुलढाणा, पण शेगाव-खामगाव ४४४ मध्येच, तिथं मी एकदा फसलोय.

तूर_पऱ्हाटी
काहून एवढा खटाटोप करता जी? व्हॉट्सॲपच्या गटावर टाका, धा जण धावत येतीन.

सातपुडा_७३
धा जण 'या ना भाऊ' म्हणतेत. पत्ता एकही देत नाही.

जुनं_शॅक
यादी कोणत्या सालची, ते बघून घ्या. मी एकदा नऊ वर्षं जुनी यादी घेऊन यवतमाळकडच्या एका गावी गेलो. गच्चीवर अँटेना उभी, म्हणून शंकाच आली नाही. दार काकूंनी उघडलं. काका सायलेंट की होऊन, म्हणजे वारून, तीन वर्षं झालेली. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. त्यांनी मात्र बसवून घेतलं, चहा दिला, कपाटातून मोर्सची की, कट्ट-कडकट्ट संदेश पाठवायची कळ, काढून दाखवली. कापडात गुंडाळून ठेवलेली.

तेव्हापासून निघायच्या पंधरा दिवस आधी पोस्टकार्ड टाकतो. दारात थेट जाऊन उभं राहत नाही. यादीत पत्ता छापला म्हणजे आमंत्रण दिलं असं नसतं.

तूर_पऱ्हाटी
हे पटलं बावा.

गाविलगड_पोर्टेबल
यादीत कोण कोणत्या बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या कोणत्या पट्ट्यावर, बसतो ते दिलं असेल तर सोनंच. जो फक्त ४० मीटरवर असतो त्याला तुमची दोन मीटरची हँडी ऐकूच येणार नाही. अन् दरीत उभं राहून १४५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे याच दोन मीटरवर, घसा कोरडा करू नका. डोंगर आडवा आला की संपलं. वाट वाकडी करून चिखलदऱ्याच्या पठारावर चढा, तिथून खालचा मुलूख मोकळा. परवान्याची प्रत खिशात ठेवा. जंगलात हातात वायरलेस दिसला की नाक्यावर विचारतातच.

खारपाण_पट्टा
यादी घेतली. यंदाचीच आहे. बँड दिलेले नाहीत. धारणीचं एकही नाव नाही, परतवाड्याचं एक आहे. त्यांना आज कार्ड टाकलं. उत्तर नाही आलं तर चिखलदऱ्यावरूनच हाक मारीन.