[मंडळ-यादी] शनिवारची बोल्स स्पर्धा: दोन नंबरच्या मॅटला लाटा, तातडीचं

प्रेषक: नाना (क्रीडा)

काल बोल्सच्या दोन्ही मॅट (ज्यांवरून मोठे चेंडू, म्हणजे बोल, जॅक या लहान चेंडूजवळ घरंगळवतात) उघडून पाहिल्या. एक नंबर ठीक आहे. दोन नंबरला आडव्या लाटा आल्यात. गुंडाळीवर मखराची खोकी होती, ती कोणी ठेवली हे मी विचारत नाही. सगळ्यात वाईट लाट जॅकच्या अलीकडे चार फुटांवर आहे. हळू येणारा बोल तिच्यावर चढतो, थांबल्यासारखा होतो आणि बायसच्या (बोल एका अंगाला वळतो तो झुकाव) बाजूला घसरतो.

हॉल शुक्रवारी ६ ते ९, शनिवारी १० ते २. पाहुण्या तिन्ही क्लबांना एक मॅट की दोन, हे उद्या कळवायचंय. उपाय असेल तर आज सांगा.

---

प्रेषक: वहिनी (सांस्कृतिक)

नाना, विचारत नाही म्हणून विचारलंतच. ते कपाट सांस्कृतिकचं आहे, मॅट नंतर आली. गणपतीनंतर खोकी ठेवायला दुसरी जागा दाखवा, आजच हलवते.

आणि शनिवारी ३ ला त्याच हॉलमध्ये हळदीकुंकू आहे. २ म्हणजे २ ला जमीन मोकळी हवी.

---

प्रेषक: अण्णा

कपाटाचं नंतर बघा. दोष मॅटचा की जमिनीचा, हे आधी ठरवा. लाट जिथे आहे तिथे जमिनीवर मॅटच्या कडेला मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि मॅट टोकाची टोकाला फिरवा. लाट टेपपाशीच राहिली तर जमिनीत खळगा आहे, मॅटबरोबर गेली तर मॅट दबलीय.

दोन लाटांमधलं अंतरही मोजा. गुंडाळीची एक बाजू ओझ्याने चपटी झाली, की प्रत्येक वेढ्याला एक लाट पडते. बाहेरचा वेढा मोठा, म्हणून मोकळ्या टोकाला लाटा चार-चार फुटांवर दिसतील आणि आतल्या नळीकडे (जिच्यावर मॅट गुंडाळतो) जाता जाता दीड फुटावर येतील. असं जवळ जवळ येत गेलं तर खोकीच कारण, दुसरं काही नाही. (वहिनी, राग नको, हे भूमिती सांगते.)

आता उपाय. कपाट थंड आहे, त्यात पाठीचं रबर कडक होतं. थंड मॅट ओढू नका. शुक्रवारी ६ ला हॉलचं हीटिंग चालू करा, मॅट पसरा आणि तासभर हात लावू नका. मग दोन्ही टोकांना दोन-दोन जणांनी तळहात पूर्ण टेकवून बाहेरच्या दिशेला हलकेच सरकवायची. कडेने ओढली तर मधली रेषा वाकडी होते आणि ती परत सरळ होत नाही. लाटेवर खुर्च्या किंवा पाण्याचे कॅन ठेवू नका, एक दाब जाऊन दुसरा येतो. इस्त्री तर मुळीच नको. कृत्रिम धागा वितळून चकचकीत होतो, त्यावरून बोल सटकतो. खाली वर्तमानपत्र घालायची कल्पना कोणाला सुचेलच, तीही नको. कागदाची कड वर उमटते.

९ ला गुंडाळताना नळी दुसऱ्या टोकाला घ्या. जो भाग आजवर आत घट्ट होता तो बाहेर येईल आणि जुनी चपटी जागा पुन्हा त्याच जागी येणार नाही. गुंडाळी जमिनीवर पूर्ण लांबीभर टेकलेली हवी. उभी केली की नळी वाकते.

---

प्रेषक: भाऊ

एवढी उस्तवार कशाला? मॅट ४५ फुटी आहे, नियमात ४० चालते. वाईट टोक पाच फूट गुंडाळून ठेवा, तीच बोल अडवायची टोकाची भिंत होईल.

---

प्रेषक: अण्णा

भाऊ, रेषा मॅटवर छापलेल्या आहेत. पाच फूट कमी केले की मध्य अडीच फूट सरकतो, म्हणजे मॅटच्या मधोमध ठेवतो तो ठोकळाही सरकवायचा. त्या टोकाची डिचरेषा (शेवटच्या पट्टीची रेषा) आणि बोल सोडायच्या खुणाही नव्याने घालायच्या. टेपने घातल्या तर टेप स्वतःच एक लाट, खडूने घातल्या तर दहा एंडांत (सगळ्यांचे बोल टाकून झाले की एक एंड) पुसल्या जातील. शिवाय पाहुणे दर आठवड्याला पूर्ण लांबीवर खेळतात, त्यांना वजनाचा, म्हणजे बोल किती जोरात सोडायचा त्याचा, अंदाज नव्याने बांधावा लागेल.

लाट कुठे आहे याला महत्त्व आहे. ठोकळ्याजवळ बोल वेगात असतो, तिथली लहान लाट त्याला फारशी जाणवत नाही. बायस दिसतो तो वेग उतरल्यावर, शेवटच्या सहा फुटांत. तेवढी दोन्हीकडची सहा-सहा फूट सपाट झाली तरी मॅट चालेल.

---

प्रेषक: ताई (वेळापत्रक)

मॅट एकच असेल तर स्पर्धा होत नाही, हे लक्षात घ्या. चार संघ, सहा सामने. दोन मॅटवर तीन फेऱ्या होतात. एकावर सहा, त्या चार तासांत बसत नाहीत, सहा-सहा एंडचे सामने केले तरी.

दोन मॅट धरून हिशोब असा. तिघांचा संघ, प्रत्येकी दोन बोल, म्हणजे एंडला बारा बोल. मोजणी आणि जागा बदलणं धरून एंडला सहा मिनिटं. दहा एंडांचा सामना तासात होतो. तीन तास खेळ, मध्ये पाच-पाच मिनिटं दोनदा, मांडायला आणि गुंडाळायला वीस-वीस. २३० मिनिटं झाली, हातात दहा उरतात. बारा एंड कोणी मागू नका, तिथे २६६ होतात.

वेळ संपल्याच्या घंटेचा नियम सगळ्यांनी एकाच शब्दांत सांगा. घंटा झाली की चालू एंड पूर्ण करायचा, नवा नाही. आणि एंड "चालू" झाला केव्हा? जॅक मांडला की. हे लिहून नाही ठेवलं, तर पुढे असलेला संघ जॅक मांडायलाच तीन मिनिटं घेतो.

---

प्रेषक: भाऊ

ठोकळा काढून टाकला तर एंड लवकर होतील ना? २०२२ ला राष्ट्रकुल खेळांत लॉन बोल्समध्ये भारताच्या मुलींनी इंग्लंडमधल्या लीमिंग्टनला दक्षिण आफ्रिकेला १७-१० हरवून सुवर्ण घेतलं, तिथे कुठे ठोकळा होता? इंग्लंडमधल्याच पॉटर्स रिसॉर्टच्या जानेवारीतल्या इनडोअर स्पर्धेतही नसतो.

---

प्रेषक: अण्णा

ते लांब मैदान आहे हो. इथे सहा फूट रुंद पट्टी. ठोकळा नसेल तर जो तो सरळ जोरात मारून जॅक उडवेल, बायसचा उपयोगच उरणार नाही. पंधरा इंचांचा तो तुकडा मधे आहे म्हणून वळसा घ्यावा लागतो. त्याला लागला की बोल बाद, लगेच उचलायचा. आपले नवे खेळाडू तो तसाच पडू देतात, मग मागचा बोल त्याला अडतो आणि भांडण.

---

प्रेषक: वहिनी (सांस्कृतिक)

पाहुण्यांना तिळगूळ द्यायचाच आहे. मॅटजवळ चालेल का?

---

प्रेषक: ताई (वेळापत्रक)

नको, वहिनी. तीळ धाग्यात अडकतो आणि झाडूने निघत नाही, हाताने वेचावा लागतो. शेवटच्या फुटात बोल एवढा हळू असतो की एक तीळही त्याला वळवतो. गुळाचं बोट बोलाला लागलं तर आणखीच. चहाच्या टेबलापाशी द्या, शेजारी ओला आणि कोरडा असे दोन टॉवेल ठेवा. हळदीकुंकवाची ताटं मात्र मॅट गुंडाळून होईपर्यंत स्वयंपाकघरातच. हळदीचा डाग मॅटवरून जात नाही.

---

प्रेषक: नाना (क्रीडा)

टेप लावून पाहिलं. मॅट फिरवली, लाट बरोबर गेली. अंतरं ४ फूट, ३ फूट ८, मग कमी कमी, नळीजवळ दीड. भाऊ, शुक्रवारी ६ ला तुम्ही आणि आणखी तिघे हवेत, तळहात टेकवायला. पाहुण्यांना दोन मॅट कळवतो. शुक्रवारी ९ ला दोन नंबर बरी नसेल तर तिच्यावर आपला सामना आधी लावू, पाहुण्यांचा नको.

खोकी कुठे हलवायची ते अजून कोणी बोललेलं नाही.

---

प्रेषक: वहिनी (सांस्कृतिक)

बोलले आहे. पहिल्याच उत्तरात. जागा तुम्ही दाखवायची होती.