मैत्रीण गरोदर आहे आणि दारू सोडते आहे: सोबत कशी करायची? (अनुभव धागा)

बाई पिते हे कळलं की आधीच बोभाटा होतो. त्यात ती गरोदर असली की सासर, माहेर, शेजार सगळेच तुटून पडतात. मग ती गप्प बसते आणि डॉक्टरांनाही खरं सांगत नाही. तिची आणि बाळाची खरी हानी तिथून सुरू होते. अशा वेळी बहुतेकदा एखादी मैत्रीणच जवळ असते. म्हणून या कामात असलेल्यांना आणि ज्यांनी सोबत केली आहे त्यांना विनंती आहे की नेमकं काय करायचं, किती, कधी आणि कुठे फसतं ते इथे लिहा. स्वतःची कहाणी नको, मैत्रिणीचं नावगाव तर नकोच.

व्यसनमुक्ती समुपदेशक, दादर

जिवाशी गाठ असलेली गोष्ट आधी सांगते. रोज पिणाऱ्या बाईला घरच्या घरी "आजपासून बंद" करायला लावू नका. टेस्टवर दोन रेषा दिसल्या की अनेक जणी त्याच रात्री बाटली मोरीत ओततात. मनापासून ओततात, पण शरीराला सवय लागलेली असेल तर शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, उलट्या सुरू होतात. फिट येण्याची भीती साधारण पहिल्या 48 तासांत असते. नसलेलं दिसणं, दिवस-रात्रीचं भान सुटणं हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. हा सगळा ताण पोटातल्या बाळावरही येतो.

ओळखायचं कसं? सकाळी चहाचा कप उचलताना तिचा हात कापतो का ते बघा, आणि विचारा की थोडी घेतली की कापणं थांबतं का. थांबत असेल तर घरी सोडवायचं नाही. गल्लत होते ती उलट्यांमुळे. दिवस गेल्यावरच्या उलट्याच असतील म्हणून घरचे दोन दिवस काढतात आणि तेच दोन दिवस धोक्याचे असतात. नुसत्या गरोदरपणाच्या मळमळीत हात कापत नाहीत, आणि दारू घेतल्यावर ती मळमळ शमतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दारूवर अवलंबून असलेल्या गरोदर बाईची दारू वैद्यकीय देखरेखीखाली सोडवावी आणि गरज असेल तर त्यासाठी रुग्णालयात भरती करावं. मुंबईत त्यासाठी मानसोपचार आणि प्रसूती दोन्ही विभाग एकाच आवारात असलेलं रुग्णालय निवडा. केईएम, नायर, सायन इथे दोन्ही आहेत. जवळच्या प्रसूतिगृहात नाव घातलेलं असलं तरी ही अवस्था तिथे सांभाळता येत नाही, तिथून चिठ्ठी घ्या. हात कापायला लागले असतील तर ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. खिडकीशी एकच वाक्य स्पष्ट बोला: "पाचवा महिना आहे, रोज क्वार्टर घेते, शेवटची काल रात्री दहाला घेतली." एवढ्यावर डॉक्टरांना दिशा मिळते.

खासगी केंद्रात न्यायचं असेल तर आधी फोनवर दोन प्रश्न विचारा. गरोदर बाईला घेता का? रात्री पोटात दुखलं तर कोणत्या रुग्णालयात नेता? दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तो पर्याय सोडा. कुठे सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची, हेल्पलाइन आहे.

परिचारिका, परळ

ताईंनी फिटचं लिहिलंय, त्याला जोडून. फिट आली तर तिला डाव्या कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा आणि 108ला फोन करा. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, बाकी काही होत नाही.

गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर फिट आली तर डॉक्टरांच्या मनात आधी वाढलेल्या रक्तदाबाची फिट येते. तिचा उपचार वेगळा आणि दारू सुटताना येणाऱ्या फिटचा वेगळा. शेवटची कधी प्यायली हे सोबत आलेलीने सांगितलं नाही तर डॉक्टर अंधारात राहतात. नातेवाईक शेजारी उभे असतील आणि त्यांच्यासमोर बोलवत नसेल, तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. पण सांगा.

स्त्रीरोगतज्ज्ञ, मुलुंड

"थोडीशीच घेते" याचा आम्हाला उपयोग होत नाही. हिशेब असा करा. 30 मिलीच्या लहान पेगमध्ये, मग व्हिस्की असो वा रम, सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे 180 मिलीची क्वार्टर 60 ग्रॅम. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे चार लहान पेग. "बिअरच तर आहे" म्हणणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो. गोड, रंगीत ब्रीझरची 275 मिलीची बाटलीसुद्धा एका पेगाएवढी. घरी पेग मापून भरत नाहीत, म्हणून बाटली किती दिवस पुरते ते विचारा. त्या उत्तरात लपवाछपवी कमी होते.

गरोदरपणात सुरक्षित असं दारूचं प्रमाण नाही. दारू नाळेतून बाळापर्यंत पोचते. तरी "आता झालं ते झालं, सोडून काय उपयोग" असं तिला कुणी म्हणत असेल तर ते साफ चुकीचं आहे. बाळाचा मेंदू शेवटच्या महिन्यापर्यंत वाढत असतो, त्यामुळे सातव्या महिन्यात सोडली तरी फायदा होतो. आणि दिवस गेल्याचं कळण्याआधी प्यायली म्हणून घाबरून कोणताही निर्णय घेऊ नका, आधी तपासणीला या.

सोनोग्राफीबद्दल एक गैरसमज आहे. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली तपासणी नॉर्मल आली की घरात सगळे निर्धास्त होतात आणि "एखादा घोट चालतो" सुरू होतं. अवयवांची ठेवण आणि वाढ तिथे दिसते. मेंदूच्या कामावर झालेला परिणाम त्या पडद्यावर दिसत नाही.

आता थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. सततच्या दारूने ते संपतं, उलट्यांनी आणखी संपतं. अशक्तपणा आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजची सलाइन लावायची आपल्याकडे पद्धत आहे. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. सलाइनची बाटली टांगली जात असताना मैत्रिणीने एवढंच विचारावं, "डॉक्टर, ही रोज पीत होती, बी-1चं इंजेक्शन आधी द्यायचं का?"

विक्रोळीहून एक प्रश्न

लोकलच्या डब्यात "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. मैत्रिणीच्या सासूबाई तसली पावडर आणून आमटीत घालायचं म्हणताहेत. चालेल का?

स्त्रीरोगतज्ज्ञ, मुलुंड

अजिबात नाही. अशा पुड्यांत काय असतं ते कुणी लिहीत नाही. डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, असेल आणि ती त्यावर प्यायली तर चेहरा लाल होणं, जोराच्या उलट्या, रक्तदाब एकदम खाली जाणं हे सगळं होतं आणि त्याची झळ बाळालाही बसते. दारू सुटावी म्हणून देतात ती औषधं गरोदरपणात सुरक्षित आहेत हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून प्रत्येक बाईसाठी फायदा आणि धोका वेगळा तोलावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या वर उल्लेखलेल्या सूचनांत आहे. ती आधीपासून घेत असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, डॉक्टरांकडून सांगवा.

बैठकांना सोबत जाणारी, वांद्रे

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-आधार गटांच्या, बैठका मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत होतात. फी नाही, खरं नाव सांगावं लागत नाही. खुल्या बैठकीला मैत्रीण बरोबर बसू शकते, बंद बैठकीला फक्त पिण्याचा त्रास असलेले. म्हणून पहिल्यांदा खुली बैठक निवडा. वर्गणीची पिशवी फिरते, पाहुण्यांनी काही टाकायची गरज नसते. बऱ्याच गटांत बायका मोजक्याच असतात, तेव्हा बायकांची वेगळी बैठक कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. सोबत करणाऱ्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, तिथे तुम्ही स्वतःसाठी जा. सातव्या महिन्यानंतर प्रवास जड जातो, तेव्हा ऑनलाइन बैठका कामी येतात. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बाईला जाता येतं, डॉक्टरांचं पत्र पर्समध्ये असू द्या.

स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर वाइन शॉप असतंच. तिच्या घराच्या वाटेवर ते कोणत्या बाजूला येतं ते बघा आणि दुसऱ्या पुलावरून उतरायचं ठरवा. दुकानवाला फोनवर बाटली घरपोच देतो, म्हणून तो नंबर तिने स्वतःच्या हाताने ब्लॉक करावा. तुम्ही तिचा फोन हिसकावून करू नका. पर्स तपासणं, तोंडाचा वास घेणं हेही तुमचं काम नाही. एकदा पोलिसगिरी सुरू झाली की ती तुमच्यापासूनही लपवायला लागते आणि मग खरा आकडा कुणालाच कळत नाही.

"बाळाचा तरी विचार कर" हे वाक्य कायमचं टाळा. ती तोच विचार रात्रंदिवस करत असते. त्याऐवजी "आत्ता किती ओढ वाटतेय, दहापैकी किती?" असं विचारा. ओढ साधारण अर्ध्या तासात चढून उतरते. तेवढा वेळ फोनवर राहा, काहीही बोला, भाजी निवडा दोघी मिळून. आधी विचारा की जेवलीस का. भूक, राग, एकटेपणा, थकवा यातलं एखादं जवळजवळ नेहमी सापडतं, आणि गरोदरपणात भूक सगळ्यात आधी.

आहारतज्ज्ञ, गिरगाव

भुकेचं बरोबर आहे. दर दोन-तीन तासांनी थोडं खायला हवं. संध्याकाळी सहा ते आठ ही पिण्याची नेहमीची वेळ असते, तेव्हा पोट भरलेलं असू द्या. मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, दही-पोहे, जे तिला सोसतं ते. थंड काहीतरी हातात हवं असतं, म्हणून कोकम सरबत किंवा ताक त्याच वेळेला द्या, पण वेगळ्या ग्लासात. नेहमीचा ग्लास माळ्यावर टाका.

सरकारी लोहगोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. कॅल्शियम दिवसातून दोनदा 500 मिलिग्रॅम, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. चहाबरोबर लोह घेतलं तर वाया जातं.

रुग्णहक्क कार्यकर्ती, कुर्ला

"मी फक्त मैत्रीण, मला आत कोण घेणार?" हा प्रश्न हमखास येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक आजारांनाही लागू आहे. त्यात बाईला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत तिला साथ देणारी व्यक्ती, निवडता येतो आणि तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. साध्या कागदावर लिहायचं: "मी अमुक, माझ्या उपचारासाठी अमुक यांना माझी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमते." खाली तिची सही किंवा अंगठा. निवडलेल्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. कागदाची प्रत केस पेपरला जोडा, एक तुमच्याकडे ठेवा. तिची माहिती गुप्त ठेवणं हाही तिचा हक्क आहे. बाळ झाल्यावर भरती व्हावं लागलं तर तीन वर्षांखालच्या मुलाला आईपासून सहसा वेगळं करायचं नाही, हेही याच कायद्यात आहे.

नवरा मारत असेल तर नुसतं दारूवर बोलून भागणार नाही. महापालिकेच्या रुग्णालयांत दिलासा केंद्रं आहेत, 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

स्तनपान समुपदेशक, बोरिवली

नऊ महिने निभावलेल्या जणी बाळंतपणानंतर घसरतात, कारण झोप तुटलेली असते आणि तपासण्या संपल्यामुळे विचारणारंही कुणी उरत नाही. मैत्रिणीची खरी गरज सव्वा महिन्यात असते.

आपल्या घरांत बाळंतिणीला बाळंतकाढा, दशमूलारिष्ट देतात. आसव आणि अरिष्ट आंबवून केलेली असतात, त्यांत अल्कोहोल तयार होतं आणि लेबलवर बारीक अक्षरांत त्याची टक्केवारी असते. काही घरांत अंग गरम राहावं म्हणून चमचाभर ब्रँडी देतात. दारू सोडलेल्या बाईसाठी तो चमचासुद्धा धोक्याचा आहे. तिच्या आईला सातव्या महिन्यातच सांगून ठेवा. अळीव, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर यांवर कुणाची हरकत नसते.

भरतीत शांत करणारी औषधं दिली असतील आणि प्रसूती जवळ असेल तर बालरोगतज्ज्ञांना आधी कळवा. बाळ जास्त झोपाळू किंवा ओढायला मंद असू शकतं.

आणि घसरलीच तर काय करायचं ते शुद्धीवर असताना लिहून ठेवा. रक्तात जेवढी दारू तेवढी दुधात. एका लहान पेगला उतरायला साधारण दोन तास, तीन घेतले तर सहा. दूध पिळून टाकल्याने ती लवकर उतरत नाही. तोवर बाळाला आधी काढून ठेवलेलं किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं पर्यायी दूध द्या. त्या रात्री बाळ तिच्या कुशीत झोपवायचं नाही, कारण आईला जाग येत नाही आणि बाळ दगावू शकतं. बाळाला कोण घेईल त्या दोघांची नावं आणि फोन फ्रिजवर लावा. सकाळी बोलणी नकोत, गरम नाश्ता न्या, ती अंघोळ करेपर्यंत बाळ धरा आणि त्याच दिवशी तिला समुपदेशकाकडे घेऊन जा.