ज्यूरीला दिलेल्या सूचनांविषयी

ट्रेव्हॉन मार्टिन या कृष्णवर्णीय मुलाला फ्लोरिडात गोळी घालून ठार करणाऱ्या आणि खटल्यात निर्दोष सुटलेल्या जॉर्ज झिमरमनच्या वकिलांनी ‘स्टँड युअर ग्राउंड’चा (धोका वाटल्यास माघार न घेता स्वसंरक्षणासाठी बळ वापरू देणाऱ्या कायद्याचा) आधार घेतलाच नव्हता, म्हणून ट्रेव्हॉन मार्टिन प्रकरणात त्या कायद्याला दोष देऊ नये, हा मुद्दा अर्धाच खरा आहे. खटल्यापूर्वीची संरक्षण-सुनावणी (या कायद्याखाली खटल्यातूनच सूट मागण्याची सुनावणी) त्यांनी मागितली नाही हे मान्य. परंतु फ्लोरिडाने २००५ साली आणलेली ‘माघार घेण्याचे बंधन नाही’ ही तरतूद न्यायाधीशांनी ज्यूरीला दिलेल्या सूचनांत होतीच. शिवाय फेब्रुवारी २०१२ मध्ये स्किटल्सची पुडी आणि थंड पेयाचा डबा घेऊन परतणारा सतरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा मारला गेल्यावर झिमरमनला अटक व्हायला सुमारे दीड महिना लागला, तेव्हा पोलिसांनी याच कायद्याकडे बोट दाखवले होते.

त्याच राज्यातील मरिसा अलेक्झांडर या कृष्णवर्णीय महिलेने नवऱ्याच्या मारहाणीच्या भीतीने एक गोळी झाडली, जी कोणालाही लागली नाही. तिला मात्र या कायद्याचे संरक्षण नाकारले गेले, आणि ज्यूरीने अवघ्या बारा मिनिटांत दोषी ठरवल्यावर वीस वर्षांची शिक्षा झाली. (पुढे अपिलात ती रद्द झाली, तीही ज्यूरीला दिलेल्या चुकीच्या सूचनांमुळेच.) गॅरेजमधून पिस्तूल घेऊन ती घरात परतली, हे तिच्या विरोधात गेले; गाडीतून उतरून मुलामागे जाणे झिमरमनला मात्र भोवले नाही.