मुलीसाठी लीड्समध्ये फ्लॅट घ्यायचा विचार आहे, नाव कुणाचं लावावं आणि वर्षाला खर्च किती येतो? मदत हवी आहे

राजारामपुरी_नववी_गल्ली:
नमस्कार मंडळी. मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला शिकायला आहे, गेल्या सप्टेंबरात गेली, अजून दोन वर्षं तरी तिथंच आहे आणि पुढं नोकरी पण तिकडंच बघायची म्हणते. एका खोलीचं भाडं एवढं जातंय की आमचे हे म्हणाले, उजळाईवाडीचा प्लॉट विकलेले पैसे बँकेत पडूनच आहेत तर तिकडं दोन खोल्यांचा फ्लॅट का घेऊ नये, ती एका खोलीत राहील आणि दुसरीत मैत्रीण. २ लाख पौंडाच्या आसपासचे फ्लॅट तिनं बघून ठेवलेत. कर्ज काढायचं नाही.

आता माझी अडचण अशी की इथं घर घ्यायचं म्हणजे काय काय भरायचं ते आपल्याला माहिती असतं, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, मग दरवर्षी महापालिकेचा घरफाळा आणि अपार्टमेंटचा मेंटेनन्स. तिकडचं आम्हाला काहीच कळत नाही. एक कन्सल्टंट सांगतात की परदेशी माणसाला फक्त २ टक्के जादा लागतात, बाकी सगळं तिथल्या लोकांसारखंच. हे खरं आहे का? फ्लॅट आम्हा नवराबायकोच्या नावावर घ्यावा की मुलीच्या? घरफाळ्यासारखं तिकडं काय असतं आणि ते कोण भरतं? आणि इथून एवढे पैसे पाठवताना काय लागतं? आयुष्यभराची कमाई आहे हो, म्हणून नीट विचारतेय. ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

लीड्सवाला_करवीरकर:
ताई, मी इकडं बरीच वर्षं आहे, माझं घर पण इथंच आहे. कन्सल्टंटनी सांगितलेले २ टक्के खरे आहेत, ब्रिटनमध्ये न राहणाऱ्यांना इंग्लंडमध्ये घर घेताना १ एप्रिल २०२१ पासून ते लागतात, पण अर्धीच गोष्ट सांगितली त्यांनी. दुसरं घर घेणाऱ्याला ५ टक्के जादा लागतात (आधी ३ होते, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ झाले) आणि दुसरं घर मोजताना जगात कुठंही असलेलं घर धरतात. म्हणजे तुमचं राजारामपुरीतलं राहतं घर पण धरणार. हे बऱ्याच जणांना सॉलिसिटरनी (खरेदीचं काम बघणारा वकील) फॉर्म पुढं केला की मगच कळतं.

२ लाख पौंडाचा हिशेब बघा. साध्या रेटनी पहिल्या १ लाख २५ हजारांवर काही नाही आणि वरच्या ७५ हजारांवर २ टक्के, म्हणजे १५०० पौंड. तुमच्या दोघांच्या नावावर घेतला तर पूर्ण किमतीवर ५ आणि २ असे ७ टक्के आणखी, १४ हजार. एकूण १५,५०० पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर पावणेअठरा लाखाच्या वर, आणि हे नुसतं स्टॅम्प ड्युटीचं, सॉलिसिटर आणि सर्व्हे वेगळा.

रंकाळा_चौपाटी:
त्यापेक्षा दुबई बघा की ताई, तिकडं वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्सच नाही.

लीड्सवाला_करवीरकर:
भावा, मुलगी लीड्सला शिकते, दुबईत फ्लॅट घेऊन ती राहणार कुठं? आणि टॅक्स नाही म्हणजे खर्च नाही असं नसतं. तिकडं पण नावावर करताना ४ टक्के ट्रान्सफर फी आहे, दरवर्षी स्क्वेअर फुटावर सर्व्हिस चार्ज आहे आणि लाइट-पाण्याच्या बिलातून हाउसिंग फी कापली जाते.

राजारामपुरी_नववी_गल्ली:
बापरे, पावणेअठरा लाख! हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग फक्त मुलीच्या नावावर घेतला तर? ती १९ वर्षांची आहे.

लीड्सवाला_करवीरकर:
तेच सुचवणार होतो. खरेदी पूर्ण व्हायच्या आधीच्या १२ महिन्यांत ती किमान १८३ दिवस ब्रिटनमध्ये असेल तर स्टॅम्प ड्युटीपुरती ती परदेशी धरत नाहीत, २ टक्के गेले. तिच्या नावावर दुसरं घर नसेल तर ५ टक्के पण गेले. आणि आयुष्यातलं पहिलंच घर असेल, स्वतः राहायला घेत असेल, तर ३ लाख पौंडापर्यंत स्टॅम्प ड्युटीच लागत नाही. म्हणजे १५,५०० च्या जागी शून्य. पण तुमच्यापैकी एकाचंही नाव सोबत लावू नका, जोडीतला एक जण जरी जादा रेटमध्ये बसला तरी सगळ्या किमतीला जादा रेट लागतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. पहिलं घर म्हणजे जगात कुठंच, कधीच, घरात हिस्सा नसलेला माणूस. वारसानं आलेला हिस्सा पण चालत नाही. तिचं नाव कुठल्या प्रॉपर्टी कार्डावर लागलंय का?

राजारामपुरी_नववी_गल्ली:
लागलंय! सासऱ्यांनी मृत्युपत्रात मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा वरचा मजला दोन्ही नातवंडांच्या नावे केला होता, ते गेल्यावर मुलीचं आणि तिच्या भावाचं नाव लागलं, त्याला पाच वर्षं झाली. त्या मजल्यावर कुणी राहत पण नाही. मग आता सगळंच गेलं का?

लीड्सवाला_करवीरकर:
नाही नाही, घाबरू नका. पहिल्या घराची सूट गेली, ती आता कशानंच परत येणार नाही, हिस्सा विकला तरी नाही. पण ५ टक्क्यांचं वेगळं आहे. तिच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंडापेक्षा कमी असेल तर तो धरत नाहीत, म्हणजे ११५ च्या भावानं ४६ लाख. निम्म्यापर्यंतचा वारसाचा हिस्सा पहिली तीन वर्षं तसाही सोडून देतात, पण तुमची ती मुदत संपली, त्यामुळं किंमतच बघायला लागणार. जुन्या घराच्या एका मजल्याचा अर्धा हिस्सा ४६ लाखाच्या आत बसेल असं वाटतं, तरी मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून लेखी किंमत काढून घ्या आणि ती इथल्या सॉलिसिटरला द्या. तसं झालं तर साधा रेट लागेल, १५०० पौंड. आणि कुणी काहीही सल्ला दिला तरी हा हिस्सा लपवू नका, फॉर्मवर खोटं लिहिलं तर पोरीच्या अंगाशी येईल.

खातेवही_कोल्हापूर:
मी सीए आहे, इकडच्या बाजूचं सांगतो. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. २ लाख पौंड त्याच्या आसपास किंवा वरच जातात, त्यामुळं दोघांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर मुलीला गिफ्ट म्हणून पाठवा. घर तुमच्या नावावर घेतलं असतं तर पैसे पाठवणाऱ्या दोघांनाही सहमालक व्हावं लागलं असतं, गिफ्टला ती अट नाही. मुलीला दिलेल्या गिफ्टवर इकडं इन्कम टॅक्स नाही, तरी साधं गिफ्ट डीड करून ठेवा.

आता टीसीएस, म्हणजे बाहेर पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो टॅक्स. वर्षाला माणशी १० लाखाच्या वर पाठवलं की बँक २० टक्के कापते. २ कोटी ३० लाख दोघांनी निम्मे निम्मे पाठवले तर प्रत्येकी १ कोटी ५ लाखावर २१ लाख, दोघांचे मिळून ४२ लाख. हा खर्च नाही, रिटर्नमध्ये टॅक्समधून वजा होतो, उरला तर रिफंड येतो, पण तोवर अडकून पडतो, म्हणून ४२ लाख बाजूला असतील तरच हात घाला. तिच्या फीसाठी त्याच वर्षात पाठवलेले पैसे पण त्याच १० लाखांत मोजतात. आणि मुलगी शिकतेय म्हणून घराच्या पैशाला शिक्षणाचा पर्पज कोड (पैसे कशासाठी पाठवतोय ते सांगणारा बँकेचा कोड) लावू नका. प्लॉटचं खरेदीखत आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा, पैसा आला कुठून हे तिकडचा सॉलिसिटर विचारणारच.

तुमच्या नावावर घेतला असता तर दरवर्षी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) भरायला लागलं असतं, परदेशातलं घर त्यात दाखवलं नाही तर ब्लॅक मनी कायद्यात १० लाखांचा दंड आहे. मुलगी शिकून परत इथं आली आणि निवासी झाली की तिला पण ते लागणार, तेवढं डायरीत लिहून ठेवा.

लीड्सवाला_करवीरकर:
वर्षाच्या खर्चाचं राहिलंच. घरफाळा मालक भरतो, इकडचा कौन्सिल टॅक्स बहुतेक वेळा राहणारा भरतो. घरात सगळे फुलटाइम विद्यार्थी असतील तर तो माफ. मैत्रीण नोकरी करणारी निघाली तर माफी जाते, २५ टक्के सूट तेवढी मिळते. शिक्षण संपलं की पूर्ण बिल चालू, आणि घर बंद ठेवलं तर वर्षानंतर कौन्सिल दुप्पट लावू शकतं. मैत्रिणीकडून मिळणारं भाडं वर्षाला ७५०० पौंडापर्यंत टॅक्स फ्री आहे, मुलगी स्वतः तिथं राहत असेल तर.

खरी काळजी सर्व्हिस चार्जची घ्या. फ्लॅट इथं बहुतेक लीजहोल्ड असतात, म्हणजे ठराविक वर्षांचा भाडेपट्टा, आणि मेंटेनन्स किती हे बिल्डिंगचा मालक किंवा मॅनेजिंग कंपनी ठरवते, आपल्याकडच्यासारखं मीटिंग घेऊन नाही. मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागा, लीजची किती वर्षं राहिलीत बघा, जुन्या लीजला ग्राउंड रेंट (जमिनीच्या मालकाला द्यायचं भाडं) असतो तो कसा वाढतो ते वाचा (३० जून २०२२ नंतरच्या नव्या लीजला तो जवळजवळ नाहीच). उंच बिल्डिंग असेल तर लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर, २०१७ नंतर, बाहेरच्या क्लॅडिंगचं (भिंतींवरच्या आवरणाचं) काम झालंय का हे विचारा, ते झालं नसेल तर विकताना गिऱ्हाइकाला कर्ज मिळायला अडचण येऊ शकते आणि फ्लॅट गळ्यात पडू शकतो. अजून एक, घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. तिला नोकरी लागली नाही आणि परत यावं लागलं तर फ्लॅटचं काय करायचं ते आत्ताच ठरवा.

राजारामपुरी_नववी_गल्ली:
तुम्हा दोघांचे कसे आभार मानू कळत नाही. आमच्या ह्यांना सगळं वाचून दाखवलं. सोमवारी सिटी सर्व्हे ऑफिसमधून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढतो, व्हॅल्युअरला मंगळवार पेठेतलं घर दाखवतो, आणि मुलीला सांगितलंय की सर्व्हिस चार्जचे हिशेब हातात आल्याशिवाय कुठंच टोकन द्यायचं नाही. आता एवढंच सांगा, मैत्रीण ठेवायला लीजमध्ये परवानगी लागते का, आणि ते सॉलिसिटर बघतो की आपणच विचारायचं?