लॅटिनो मुलांना कॉलेजात वेगळा कोपरा हवाच का?

ऑस्टिनवासी: टेक्सासात १ जानेवारी २०२४ पासून एसबी १७ कायदा लागू झाला आणि सरकारी विद्यापीठांतली डीईआय (विविधता, समानता, समावेश) कार्यालयं बंद पडली. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमधलं मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटरही गेलं. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांची मुलं (हल्ली काहीजण 'लॅटिने' म्हणतात) तिथं जमायची. खरं सांगू? मला फारसं वाईट वाटलं नाही. चार वर्षं आपल्याच माणसांत बसायचं, तर घर सोडून आलात कशाला?

सध्या_एलए: आणि तुम्ही दर गणपतीत महाराष्ट्र मंडळात कशाला जाता?

माझी शेजारीण मेक्सिकन. तिच्या मुलीच्या पदवीदानाला गेले होते. मुख्य समारंभात नाव पुकारलं, संपलं. लॅटिनो मुलांचा वेगळा कार्यक्रम होता, तो अर्धा स्पॅनिशमध्ये, म्हणून आजीलाही कळला. मुलीच्या गळ्यात सेरापेच्या, म्हणजे मेक्सिकन शालीच्या, रंगीत पट्ट्यांचा स्टोल. आईवडलांना स्टेजवर बरोबर नेता येत होतं. वर जायच्या आधी वडलांनी बुटाचं टोक पँटला मागून घासून पुसलं. त्या माणसाला त्या कॉलेजानं पहिल्यांदाच आत घेतलं होतं.

ऑस्टिनवासी: मंडळ आम्ही वर्गणी काढून चालवतो, सरकारी पैशावर नाही. लॅटिनो मुलांनाही ते जमतंच की. लॅम्डा थीटा फाय ही त्यांची फ्रॅटर्निटी (कॉलेजातल्या मुलांची संघटना) १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या कीन कॉलेजात मुलांनीच काढली. कार्यक्रम छान असेल हो, पण तो एका दिवसाचा.

खडू_फळा: दोघांचंही भांडण ज्यांच्याकडे वेळ आहे अशा मुलांबद्दल चाललंय. मी कॅलिफोर्नियात शिकवतो. पदवीपूर्व विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के लॅटिनो असले की संस्था 'हिस्पॅनिक सर्व्हिंग' (लॅटिनो मुलांना शिकवणारी) धरतात. आमच्याकडे निम्म्याच्या वर आहेत. तरी लॅटिनो मुलांच्या क्लबात तेच दहा चेहरे. माझा एक विद्यार्थी दुपारी गाडीतच बरितो खातो, चारला माझा तास, सहाला गोदामात शिफ्ट. क्लबची मीटिंग सातला! मग आम्ही अहवालात लिहितो, 'सहभाग कमी'.

सिल्व्हिया हुर्टाडो आणि डेबोरा कार्टर या संशोधकांनी १९९७ मध्ये लॅटिनो विद्यार्थ्यांवर अभ्यास छापला होता. वर्गाबाहेर इतर मुलांशी अभ्यासाबद्दल बोलणं आणि कॉलेज आपलं वाटणं यांचा संबंध त्यात दाखवलाय. माझ्या वर्गाचं ते बोलणं पार्किंगमध्ये होतं, गाडीचं दार उघडं ठेवून. नाचगाणी, झेंडे वगैरे ठीक आहे, पण मला ते पार्किंगमधलं जास्त मोलाचं वाटतं.

ऑस्टिनवासी: हे पटलं. मग मीटिंग दुपारी घ्या की! त्याला वेगळं सेंटर कशाला लागतं?

खडू_फळा: घेतली. बारा वाजता, सतरा मुलं आली. खोली मिळाली नाही, जिन्याखाली बसलो. साडेबाराला सफाईवाल्या काकू आल्या. त्यांनीच स्पॅनिशमध्ये विचारलं, 'तुम्हाला दुसरी जागा नाही का रे?'