लॅब्रॅडॉरचा कान दर पावसाळ्यात का बिघडतो?

प्रश्न (प्रतापनगरकर)

नमस्कार. आमच्या चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरचे कान जुलै लागला की खाजू लागतात, तपकिरी चिकट मळ साचतो आणि त्याला आंबूस वास येतो. थेंब घातले की आराम पडतो. औषध थांबले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या वेळी उजव्या कानातून पिवळसर-हिरवा पू येत असून तो कानाला हातही लावू देत नाही. डॉक्टरांनी कानात न पाहताच जुने थेंब पुन्हा लिहून दिले. हे जंतू कोणते आणि येतात कुठून? तलावात पोहल्यामुळे असे होते का? शेजारच्या काकू लसूण घालून कोमट केलेले तेल सोडायला सांगत आहेत.

उत्तर १ (पशुवैद्यक, धरमपेठ)

जंतू बाहेरून येतात हा समज आधी बाजूला ठेवावा. मॅलेसेझिया पॅकिडर्मॅटिस ही यीस्ट (एकपेशीय बुरशी) आणि स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमेडियस हा जिवाणू निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोड्या संख्येने असतात. कर्णनलिका आधी खाली उतरते व मग आत वळते, आणि तिची त्वचा कानाच्या पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत मळ बाहेर आणत असते. दाह झाला की ही सफाई मंदावते, मेणाच्या ग्रंथी वाढतात, नलिका सुजून अरुंद होते, आणि एरवी निमूट राहणारे हेच जंतू बेसुमार वाढतात.

दाहाचे मूळ मात्र वेगळेच असते. वारंवार बिघडणाऱ्या कानांमागे बहुतेकदा अॅलर्जी निघते, मग ती धुळीतील माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची) असो, परागकणांची असो वा आहारातील प्रथिनाची. थायरॉइडची कमतरता किंवा कानातील गोचीडवर्गीय माइट्स हीही कारणे आहेत. माइट्स पिल्लांत अधिक दिसतात. पोहणे, लोंबते कान आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यानंतरची दमट हवा यांमुळे कान बिघडायला अनुकूल स्थिती तयार होते, पण एवढ्यानेच तो बिघडत असता तर तलावावर येणारे सगळेच लॅब्रॅडॉर कान खाजवत बसले असते. तुमचा कुत्रा पंजे चाटतो का, काखेत लाली दिसते का, हे कळवावे.

हिरवट पुवामुळे स्यूडोमोनास या जिवाणूची शंका येते, परंतु रंगावरून निदान होत नाही. कापसाच्या काडीने घेतलेला मळ स्लाइडवर फिरवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. यीस्ट भुईमुगाच्या शेंगेसारखी, कमरेत आवळलेली दिसते, तर स्टॅफिलोकोकस गोल गोल आणि पुंजक्यांत. दंडाकार जिवाणू आणि सोबत पुष्कळ पूपेशी दिसल्या, तर कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखणे) व कोणते औषध लागू पडेल हे सांगणारी औषध-संवेदनशीलता चाचणी करणे योग्य, कारण स्यूडोमोनास अनेक प्रतिजैविकांना मुळातच दाद देत नाही आणि बायोफिल्म म्हणजे चिकट थर तयार करून त्याखाली दडतो. अशा वेळी ट्रिस-ईडीटीए असलेल्या द्रावणाने कान धुतल्यास जिवाणूचे बाह्य आवरण कमकुवत होते आणि औषध आत पोहोचते. त्याआधी ऑटोस्कोपने (कानात पाहण्याच्या उपकरणाने) पडदा शाबूत आहे का ते पाहणे आवश्यक आहे. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक आतल्या कानात उतरले तर श्रवणशक्तीला धोका असतो.

उत्तर २ (काटोल रोडवरून)

एक भर घालतो. पावसाळा सरताना मोकळ्या मैदानांत गवत पिकते आणि त्याची कुसळे कानात शिरतात. आमच्या कुत्रीचा एकच कान अचानक दुखू लागला. गुंगी देऊन चिमट्याने काढलेले कुसळ उलट्या काट्यांचे होते, त्यामुळे ते आतच सरकत गेले होते. दोन्ही कान दरवर्षी बिघडत असतील तर मात्र कारण निराळे असावे.

प्रतापनगरकर

पंजे तो सतत चाटतो. पांढरे केस तांबूस झाले आहेत. मग तेलाचे काय करायचे?

पशुवैद्यक, धरमपेठ

तेल अजिबात नको. मॅलेसेझिया त्वचेवरील स्निग्ध पदार्थांवरच पोसली जाते, आणि पडदा फाटलेला असल्यास तेल थेट मध्यकर्णात जाईल. (जाता जाता, ही यीस्ट १९२५ मध्ये प्रथम वर्णिली गेली ती एका भारतीय गेंड्याच्या त्वचेवरून.) पंजांवरून अॅलर्जीची शंका बळावते. कान शांत झाल्यावर किमान आठ आठवडे केवळ आजवर न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार देऊन पाहावा. त्या काळात बिस्किटाचा तुकडाही चालत नाही, आणि घरात आजी-आजोबा असतील तर हीच अट पाळणे सर्वांत कठीण. आता मात्र लगेच दाखवा. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात कल्चरची चौकशी करता येईल. निघण्यापूर्वी कान पुसू नका, नाहीतर स्लाइडवर घ्यायला काही उरणार नाही.