काळ्या मातीत बादलीची चाचणी फसवते
'खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, तासाभरात मुरलं की शोषखड्ड्याला (सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याला) जमीन चालते' असा सल्ला दिला जातो. मुरमाड जमिनीत ठीक आहे एक वेळ, पण काळ्या मातीत उन्हाळ्यात हे केलंत तर हमखास फसाल. आम्ही फसलोय. मे महिन्यात परभणीकडच्या शेतात खड्डा घेतला, भेगा अशा की अख्खा हात आत जाईल. बादली दहा मिनिटांत गायब! गवंडी खूश, आम्हीही खूश. ऑगस्टमध्ये तोच शोषखड्डा तुडुंब, आणि न्हाणीमागे आठ दिवस वास. पाणी मातीत मुरलंच नव्हतं, भेगांमधून पळालं होतं. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, मग ती पाणी घेतच नाही.

म्हणून चाचणीचा खड्डा आधी भरून रात्रभर भिजू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मोजायचं. तळाशी थोडी खडी, वर वीतभर पाणी, काठीला खूण. पाणी 25 मिलिमीटर उतरायला 30 मिनिटांपेक्षा जास्त लागली तर शोषखड्डा नको, 60 च्या वर गेली तर सांडपाणी मुरवायच्या लांब चराचाही नाद सोडा. आम्ही दुसऱ्यांदा सात फूट खणलं तेव्हा काळी संपून मुरूम लागला, तिथे पाणी घेतंय. पण खोल जाण्याआधी शेजारच्या विहिरीची पावसाळ्यातली पातळी बघा, मे मधली नाही.